स्ट्रोकनंतर हातासाठी रोबोटिक मशीन घ्यायचं का? डेमोला गेल्यावर नेमकं काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बाबा वाळपईकडचे, साठी ओलांडलेले, आठ महिन्यांपूर्वी स्ट्रोक, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात, बोलणं बऱ्यापैकी परत आलंय पण शब्द अडकतात. उजवा हात खांद्यापर्यंत उचलतात, बोटं मिटतात पण उघडत नाहीत. पणजीच्या बाजूला एका सेंटरवाल्यांनी सांगितलं की आमच्याकडे एआयवालं अडॅप्टिव्ह रोबोटिक हँड मशीन आहे, ते पेशंट बघून स्वतः शिकतं, तीन महिन्यांचं पॅकेज घ्या. इकडे भावाने ऑनलाइन हवेवर चालणारा एक ग्लोव्ह शोधलाय, काही हजारांत. दोन्हीतलं काय घेऊ, आणि बाबा चतुर्थीला आरतीत घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) वाजवायचे ते परत जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, म्हणजे रोजची कामं परत करता यावीत म्हणून थेरपी देणारी), गोव्यातच बरीच वर्षं स्ट्रोकचे पेशंट बघतेय, मशीनवरही काम केलंय आणि मशीनशिवायही. बाबांना मी बघितलेलं नाही त्यामुळे खालचं बरंचसं ‘असं असेल तर असं’ या धाटणीचं आहे. हात किती कडक आहे, खांदा दुखतो का, हाताला स्पर्श कळतो का, दहा मिनिटं एका गोष्टीवर लक्ष टिकतं का, सांगितलेलं पटकन समजतं का, यावर उत्तर बदलतं, आणि यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तुमची चूक नाही ती, तुम्हाला कोणी विचारलंच नसणार. पण सेंटरवाल्यांनीही यातलं काही न तपासता पॅकेज सांगितलं असेल तर मला तिथेच जरा शंका येते.

कुठलं मशीन हा माझ्या मते नंतरचा प्रश्न. आधी हे बघायचं की बाबांनी जोर लावला की मशीन काय करतं आणि नाही लावला की काय करतं. कारण अडॅप्टिव्ह म्हणून बाजारात दोन अगदी उलट कामांची मशीनं विकली जातात. एक थेरपीचं, त्याचं काम म्हणजे हळूहळू मदत कमी करत जाणं, शेवटी त्याची गरजच उरू नये. दुसरं रोजच्या मदतीचं, म्हणजे चमचा धरायला, कप उचलायला, खुर्ची चालवायला, त्याने मात्र रोज सारखीच आणि भरवशाची मदत करायची, कमी करत गेलं तर माणूस उपाशी राहील. दोन्ही मशीनं पेशंटकडून शिकतात, पण शिकून करायचं काय हे उलटं आहे. भजनात चांगला पेटीवाला असतो ना, नवशिक्या पोराला सूर सापडेपर्यंत भरून साथ देतो आणि सूर लागला की हात हलका करतो, आणि काही पेटीवाले पोरगं चुकलं की जोरात वाजवून सगळं झाकून टाकतात, भजन छान होतं पण पोरगं आहे तिथेच राहतं. थेरपीचं मशीन पहिल्या पेटीवाल्यासारखं हवं. बरीचशी दुसऱ्यासारखी असतात, आणि डेमोमध्ये दुसराच जास्त छान वाटतो!

ही गोष्ट या क्षेत्रातल्या लोकांना फार आधीपासून माहिती आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८९ पासून एमआयटी-मॅनस नावाचा हाताच्या थेरपीचा रोबोट बनवायला घेतला, त्यात मुख्य कल्पनाच ही होती की रोबोट मऊ हवा. कारखान्यातला रोबोट ठरलेल्या जागी जातो म्हणजे जातोच, मध्ये माणूस आला तरी. थेरपीच्या रोबोटला पेशंटने ढकललं तर तो सरकला पाहिजे, पेशंट वाट चुकला तर हळूच परत आणलं पाहिजे, आणि पेशंट स्वतः नीट जात असेल तर त्याने काहीच करायला नको. पुढे कॅलिफोर्नियात डेव्हिड राइन्केन्समायर यांच्या गटाला असं दिसलं की रोबोट चांगली मदत करायला लागला की पेशंटचं शरीर आपणहून जोर कमी करतं, मुद्दाम नाही हो, आळशीपणाही नाही, मेंदूची सवयच आहे ती, काम होतंय ना मग ताकद कशाला घालवा. म्हणून २००८ च्या त्यांच्या कामात त्यांनी रोबोटच्या गणितात चक्क विसरणं घातलं, म्हणजे रोबोट शिकलेली मदत सतत थोडी थोडी विसरत राहतो, आणि हात वर ठेवायचा असेल तर पेशंटला जोर लावत राहावंच लागतं. मला ही कल्पना फार आवडते. सेल्समनला विचारून बघा तुमचं मशीन मदत विसरतं का, चेहरा बघण्यासारखा होतो.

आता बाबांच्या हाताकडे येऊ, कारण ‘मिटतात पण उघडत नाहीत’ हेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे तुमच्या प्रश्नातलं. कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला बोटं मिटवणारे स्नायू असतात आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे. स्ट्रोकनंतर मिटवणारे कडक होतात, आणि गंमत अशी की पेशंट बोटं उघडायचा प्रयत्न करतो तेव्हा उघडणाऱ्यांबरोबर मिटवणारेही आवळले जातात, बऱ्याचदा जास्तच. तुम्ही बघितलं असेल, ‘उघडा उघडा’ म्हटलं की मूठ आणखी घट्ट होते. घरच्यांना वाटतं बाबा ऐकत नाहीत. ते ऐकतायत, पण हुकूम चुकीच्या स्नायूंपर्यंत जातोय.

कातडीवर चिकटपट्ट्या लावून स्नायूंचा विजेचा सिग्नल वाचणारी मशीनं असतात, ईएमजीवाली. साधं मशीन असेल तर बाबांनी उघडायला जोर लावला की त्याला मिटवणाऱ्या स्नायूंचा मोठा सिग्नल दिसणार, ते समजणार की मिटायचंय, आणि ग्लोव्ह मिटणार. दोनदा असं झालं की पेशंट वैतागतो. शिकणारं मशीन असेल तर ते काही मिनिटांत शिकतं की या माणसाचा असा गोंधळलेला सिग्नल आला की त्याला उघडायचंय, आणि उघडून देतं. घरचे टाळ्या वाजवतात. रोज कप धरायला मदत म्हणून असेल तर मीही टाळ्या वाजवीन. पण थेरपी म्हणून हे मला पटत नाही, कारण मेंदूला बक्षीस मिळालं ते चुकीच्या पॅटर्नसाठी, मशीन शिकलं, बाबा नाही शिकले. थेरपीत मला असं मशीन हवं जे स्क्रीनवर दोन्ही स्नायू वेगवेगळे दाखवतं, दोन पट्ट्या समजा, आणि मिटवणारी पट्टी खाली आली व उघडणारी जराशी जरी हलली तरच मदत देतं. अशा पेशंटला पहिले कित्येक दिवस आम्ही बोटं उघडायला शिकवतच नाही, सैल सोडायला शिकवतो. बघणाऱ्याला काहीच घडत नाहीये असं वाटतं.

यात गोव्याच्या हवेचा एक भाग आहे जो परदेशी ब्रोशरमध्ये कधीच नसतो. एप्रिल-मेमध्ये घामाने चिकटपट्टी सरकते, कातडी ओली झाली की सिग्नल बदलतो, सकाळी एसीत सेट केलेलं मशीन दुपारी लाइट गेल्यावर वेगळंच वाचतं. जे मशीन स्वतःला आपोआप जुळवून घेतं त्याला घाम आणि सुधारणा यातला फरक आपोआप कळेलच असं नाही. म्हणून रोज सुरुवातीला कॅलिब्रेशन, म्हणजे त्या दिवशीच्या हाताप्रमाणे मशीन जुळवून घेणं, कोण करतं, किती वेळ लागतो, आणि बाबा दमले की काय करतं हे विचारा. वीस-पंचवीस मिनिटांनी बहुतेक पेशंटचा जोर कमी होतो. मशीन त्यावर मदत वाढवतं, की थांबून विश्रांती देतं? मदत वाढवत गेलं तर शेवटची पंधरा मिनिटं बाबा फक्त बसलेले असतात, आणि बिल पूर्ण सेशनचं.

संशोधन काय म्हणतं हेही सांगते, कारण सेंटरवाले सोयीचं तेवढं सांगतात आणि मशीनविरोधी लोक त्यांच्या सोयीचं. ब्रिटनमध्ये ७७० स्ट्रोक पेशंट घेऊन रॅटल्स नावाची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, एमआयटी-मॅनस मशीन. नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या वापरात म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांवर १२७ जणांची चाचणी झाली होती, तिथे बारा आठवड्यांनी फरक नव्हता, छत्तीस आठवड्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडा फायदा दिसला, पण थेरपिस्टने तेवढाच कस लावून घेतलेल्या व्यायामापेक्षा रोबोट सरस ठरला नाही. आणि २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (असे आढावे अनेक चाचण्या एकत्र तपासतात) ४५ चाचण्या, १६१९ पेशंट एकत्र बघितले तर हाताची ताकद आणि वापर यात सुधारणा दिसते. हे सगळं एकत्र ठेवून मी असा अर्थ लावते की रोबोटमध्ये जादू नाही, त्याचा उपयोग आवृत्त्या, म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करण्याचे फेरे, वाढवायला. अमेरिका-कॅनडात एकदा थेरपीची ३१२ सेशन्स नुसती बसून मोजली होती, तर ज्या सेशनमध्ये हाताचं कामाचं काही करून घेतलं त्यातही सरासरी ३२ आवृत्त्या निघाल्या. ३२! शिकायला शेकड्यांनी लागतात. मशीन कंटाळत नाही, त्याला पुढचा पेशंट नसतो, तेवढा त्याचा खरा फायदा. म्हणून पॅकेजची किंमत सेशनने नका भागू, बाबांनी स्वतः जोर लावलेल्या आवृत्त्या किती होणार त्याने भागा.

आता डेमो. जा जरूर, फुकट असेल तर नक्कीच, पण सोबत हे करा. मशीन हाताला लावलं की बाबांना हळूच सांगा, हात पूर्ण सैल सोडा, काही करू नका. तरीही बोटं उघडमीट होत राहिली आणि स्क्रीनवरच्या खेळात मासे पकडले जाऊन पॉइंट वाढत राहिले, तर ते मशीन बाबांचा हात हलवतंय, बस्स. सांधे आखडू नयेत म्हणून ठीक आहे, त्यासाठी तुमची वहिनी टीव्ही बघता बघता करून देऊ शकते. मग उलट सांगा, मशीन उघडतंय तेव्हा तुम्ही मिटा. चांगलं मशीन थांबतं किंवा ढिलं पडतं, खराब मशीन ताणत राहतं. लाल बटण कुठे आहे ते बघा आणि ते बाबांच्या डाव्या हाताशी पोचतं का तेही बघा, ऑपरेटरच्या टेबलावर असून उपयोग नाही. वेग बघा, कारण कडक स्नायू झटक्याने ताणला की आणखी कडक होतो, हळू ताणला तर ऐकतो, आणि डेमोत लोक इम्प्रेस व्हावेत म्हणून वेग नेहमी जास्त ठेवलेला असतो. वीस मिनिटांनी पट्टे काढून कातडी बघा, स्पर्श कळत नसेल तर बाबा दुखतंय म्हणून सांगणारच नाहीत आणि लाल वळ तसाच राहील. स्क्रीनवर सगळं इंग्रजीत असेल आणि बाबांचे शब्द आधीच अडकतायत तर ते सूचना वाचण्यातच दमणार, चित्रांवर चालतं का विचारा. आणि शेवटी, जुन्या कुठल्या तरी पेशंटचा नाव झाकून रिपोर्ट दाखवा म्हणावं, त्यात पॉइंट नका बघू, मशीनने दिलेली मदत पहिल्या आठवड्यापासून शेवटच्यापर्यंत कमी झाली का ते बघा. ती नोंदच नसेल, तर अडॅप्टिव्ह हा शब्द फक्त पोस्टरवर आहे.

रोजच्या मदतीच्या मशीनबद्दलही थोडं, कारण एका ताईंनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरबद्दल विचारलंय आणि मुद्दा जवळचाच आहे. सेरेब्रल पाल्सीमध्ये (लहानपणापासूनच मेंदूमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) हात थरथरतो किंवा झटके येतात, तर आजच्या चांगल्या जॉयस्टिकमध्ये थरथर गाळणं, मधल्या भागात थोडं हललं तर दुर्लक्ष करणं, वेग हळू वाढवणं हे सगळं माणसाप्रमाणे सेट करता येतं, आणि पुढच्या प्रकारात सेन्सर लावून खुर्ची स्वतःच दाराची चौकट चुकवते, ताबा अर्धा माणसाचा अर्धा खुर्चीचा. इथे माझा अनुभव असा की हे सेटिंग खुर्चीने गुपचूप आपणहून रोज बदलू नये. मुलगी खुर्ची शिकतेय आणि खुर्ची मुलगी शिकतेय, दोघंही एकाच वेळी बदलत राहिली तर कालचा अंदाज आज चुकतो आणि चौकटीला कोपर आपटतं. सेट करा, काही आठवडे हात लावू नका, मग बघून बदला, आणि बदललंय हे तिला सांगा. आपल्याकडे चिऱ्याचं अंगण, उंच उंबरठा, घराबाहेर पडल्या पडल्या चढ, त्यामुळे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर केलेलं सेटिंग घरी चालत नाही, सेट करणारा माणूस घरी यायला हवा.

परत बाबांकडे. चतुर्थीला घुमट, तर खरं सांगते, उजव्या हाताने पूर्वीसारखी थाप यंदा मी गृहीत धरणार नाही. सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, आठव्या महिन्यानंतरही होते पण हळू, आणि बोटं अजिबात उघडत नसतील तर आणखी हळू. पण घुमट मांडीत पक्का बसवून डाव्या हाताने थाप मारणं शिकता येतं, तोंडावर हात ठेवून आवाज बदलायची गंमत जाईल, ताल राहील. याला कुठलंही मशीन लागत नाही, एक जाड कापडाचा पट्टा पुरे. उजव्या हातासाठी मी त्याहून आधीचं ध्येय धरीन, ताट किंवा वाटी टेबलावर दाबून धरणं, म्हणजे डावा हात मोकळा. गोव्याच्या घरात एका हाताने नुस्त्याचा (माशाचा) काटा काढून बघा, मग कळतं हे ध्येय लहान नाही. आणि मजा म्हणजे त्याला बोटं उघडायचीही गरज नाही, खांदा आणि कोपर बाबांकडे आहेतच.

माझा सल्ला असा की पैसे भरायच्या आधी बांबोळीला गोमेकॉमध्ये (गोवा मेडिकल कॉलेज) फिजिओथेरपी विभागात किंवा तुमच्या ओळखीच्या ओटीकडून नीट असेसमेंट करून घ्या. मनगट आणि बोटं दहा अंश तरी स्वतः उघडतात का हे मोजायला सांगा. तेवढं असेल तर चांगला हात बांधून फक्त कमजोर हात वापरायची जी थेरपी आहे तिचा विचार करता येतो, २००६ मध्ये अमेरिकेत २२२ पेशंटवर तिची मोठी चाचणी झाली होती आणि फायदा दिसला होता, आणि तिला मशीनच लागत नाही. तेवढं नसेल तर बोटं उघडणाऱ्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन व्यायाम, आणि कडकपणा फारच असेल तर न्यूरोलॉजिस्टला बोटॉक्सबद्दल (कडक स्नायू सैल करणारं इंजेक्शन) विचारणं, हे आधी. यानंतरही कोणी म्हणालं की आवृत्त्या वाढवायला मशीन हवं, तर घ्या, पण तीन महिन्यांचं नको, दोन-तीन आठवड्यांचं मागा आणि आधी-नंतर तीच तीन कामं मोबाइलवर शूट करा, वाटी धरणं, टॉवेल पुसत पुढे नेणं, ग्लास उचलायचा प्रयत्न. वाळपईहून कदंबा बसने जाऊन-येऊन बाबा दमणार असतील तर तो दमही हिशोबात धरा, दमलेल्या माणसाकडून मशीन काही काढू शकत नाही.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात, आणि उपकरणासाठी सरकारी मदत मागायची तर हे कागद पहिल्यांदा विचारतात. पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांसाठीचा महोत्सव होतो, तिथे अशी उपकरणं हातात घेऊन बघायला मिळतात, विकत घ्यायची घाई नसते, पुढच्या वेळी बाबांना घेऊन जा. भारतातही आता चांगलं काम चाललंय, वेल्लोरचं सीएमसी आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून प्लूटो नावाचा हाताचा छोटा रोबोट बनवलाय, त्यामुळे येत्या काळात पर्याय वाढतील. पण कुठलंही घ्या, बिघडल्यावर माणूस कुठून येणार हे लेखी घ्या. मशीन पुण्याच्या किंवा बंगळूरच्या इंजिनियरची वाट बघत कोपऱ्यात कापड पांघरून बसलेलं मी एकाहून जास्त ठिकाणी बघितलंय.

राहिला तो ऑनलाइन ग्लोव्ह. यातले बहुतेक हवा भरतात आणि सोडतात, हातातून काहीच वाचत नाहीत. काहींना दुसऱ्या हाताचा ग्लोव्ह असतो, चांगला हात उघडला की कमजोर उघडतो, तो जरा बरा. सांधे मोकळे ठेवायला म्हणून घेणार असाल तर घ्या, पण सगळ्यात कमी प्रेशर आणि सगळ्यात कमी वेगावर, अंगठ्याची नळी नीट बसली आहे का बघून, आणि प्रत्येक वेळी बोटं उघडायच्या जरा आधी बाबांनी स्वतः उघडायचा विचार करून, हाताकडे बघून. झोपेत किंवा मोबाइल बघताना लावून ठेवू नका. खांदा दुखत असेल, हात सुजलेला असेल किंवा बोटांच्या सांध्यांत कळ येत असेल तर तोवर ग्लोव्ह डब्यातच राहू द्या आणि आधी दाखवून घ्या. असेसमेंटमध्ये काय निघालं ते इथे लिहा, मनगटाचे अंश आणि खांद्याचं दुखणं एवढं कळलं तरी पुढचं नेमकं सांगता येईल.